थेडी टॅन्सीचा गोल

आयर्लंडमधल्या ड्रमकीरा गावच्या क्लबचा इतिहास वीस पानांत आटपेल असं सगळ्यांना वाटलं होतं, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. शंभर वर्षांत क्लबने काऊंटीचा फुटबॉलचा चषक जिंकला होता एकदाच, १९३३ साली. बाकीच्या वर्षांत जे झालं ते दोन पानांत मावण्यासारखं होतं, आणि सभ्य भाषेत लिहायचं तर एकाच.

शताब्दीचं हे पुस्तक मॅलकी टॅन्सीने लिहावं असं कमिटीने ठरवलं. कमिटीची बैठक पॅकी कनिफच्या पबमध्ये भरे. पॅकी क्लबचा अध्यक्ष. त्याच्याच काउंटरवर बिअर, बटाटे आणि रॉकेल मिळे, आणि घरात कुणी गेलं तर शवपेटीची ऑर्डरही तिथेच द्यायची. मॅलकी काऊंटी कौन्सिलच्या रस्ते खात्यातून नुकताच निवृत्त झालेला. नोकरीभर त्याने खड्ड्यांचे अहवाल लिहिले. त्या अहवालांनी एकही खड्डा बुजला नाही हे खरं, पण अहवालात चूक काढणारा माणूसही आजवर जन्मला नाही. खेळाडू म्हणून त्याची कामगिरी थोडक्यात सांगण्यासारखी होती. क्लबकडून तो दोन सामने खेळला. पहिल्यात त्याला मध्यंतराला बाहेर काढलं, दुसऱ्यात त्याच्याही आधी.

पण मॅलकी हा थेडी टॅन्सीचा मुलगा होता, आणि ड्रमकीरात एवढं पुरेसं होतं. तेहतीस सालच्या अंतिम सामन्यात शेजारच्या बॅलिनगॉलविरुद्ध, शेवटच्या मिनिटाला, डोक्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत थेडी टॅन्सीने गोल मारला. आयरिश फुटबॉलात गोलचे तीन गुण, आणि ड्रमकीरा एका गुणाने जिंकलं. त्या पट्टीवाल्या थेडीचा मोठा केलेला फोटो, छातीपर्यंतचा, मॅलकीच्या दिवाणखान्यात येशूच्या तसबिरीशेजारी टांगलेला होता. पट्टी एका डोळ्यावर उतरलेली, गालावर चिखल. पाहुणा आला की त्याला आधी फोटो, मग चहा.

स्वतः थेडी मात्र त्या गोलबद्दल अवाक्षर काढत नसे. एकाहत्तर साली तो गेला तोवर लोक त्याला त्या गोलपायी बिअर पाजत राहिले. कुणी फारच खोदून विचारलं तर थेडी बोटांच्या पेरांनी टेबलावर तीनदा टकटक करी आणि गुरांच्या भावावर घसरे. "याला म्हणतात विनय," मॅलकी आपल्या मुलांना सांगे, पुतण्यांना सांगे, आणि खात्यात नव्याने लागलेल्या कारकुनांनाही सांगे. विनयावर तो तासभर बोलू शकत असे.

काम हाती घेताच मॅलकीने पहिली गोष्ट केली ती नियमाची. "जो मैदानात उतरला तो संघात. बाकी कुणी नाही," त्याने कमिटीला सांगितलं. "इतिहास म्हणजे जत्रा नव्हे." कमिटीने मान डोलावली. रविवारी चर्चमध्ये निवेदन झालं की कुणाकडे जुनी माहिती असेल तर मॅलकीला द्यावी, आणि सोमवारपासून त्याच्या दारात गावभरचे आजोबा येऊ लागले. आजोबा अर्थातच हयात नव्हते. नातवंडं त्यांना फोटोत घेऊन येत. पंधरा जागांसाठी चाळीसेक आजोबा जमले, आणि प्रत्येकाने तो सामना जवळजवळ एकट्याच्या बळावर जिंकलेला.

"माझा काका होता त्या संघात," पोस्टातली मिसेस गिलूली म्हणाली.

"तुमच्या काकांनी बूट उसने दिले होते," मॅलकी म्हणाला. "बूट संघात होते. काका नव्हते."

"काय माणूस आहेस रे मॅलकी. बुटांचं नाव घाल मग."

त्यानंतर मॅलकीचं टपाल दोन दोन दिवस उशिरा येऊ लागलं. सल्ले मात्र वेळेवर येत. एकजण म्हणाला, पुस्तकाची सुरुवात दीड हजार वर्षांपूर्वीच्या सेंट पॅट्रिकपासून कर. दुसरा म्हणाला, वाद नको असतील तर नावंच घालू नकोस. तिसऱ्याने कुंपणावरून ओरडून सांगितलं की तू तेहतीस साल सोडूनच दे. तो असं का म्हणतो ते मॅलकीला कळलं नाही, आणि त्याने त्या माणसाची गणना अडाण्यांत करून टाकली.

मग चषकाचं प्रकरण झालं. मुखपृष्ठासाठी चषकाचा फोटो हवा, म्हणून मॅलकीने काऊंटी बोर्डाला अर्ज केला. अर्ज परत आला. बोर्डाचा नियम असा की कागद आयरिश बनावटीचा हवा. उजेडात धरला की आत गिरणीचा शिक्का दिसला पाहिजे, नाहीतर तो अर्जच नव्हे. हा नियम खरं तर तक्रारींसाठी. आपल्याकडे हरलेला संघ मैदानातून घरी जात नाही, तक्रार लिहायला बसतो, आणि मैदानात गमावलेले किती चषक कागदाच्या शिक्क्यावर परत आले याची मोजदाद नाही. मॅलकीने तालुक्याच्या गावी जाऊन आयरिश कागदाचा अख्खा गठ्ठा आणला आणि अर्ज पुन्हा लिहिला. तोही परत आला, कारण खाली सही इंग्रजी नावाची होती. आयरिशमध्ये 'टॅन्सी' कसं लिहायचं यावर गावातल्या दोन शिक्षकांचं भांडण झालं. शेवटी दोन्ही प्रकारे सही करून अर्ज गेला आणि खोक्यातून चषक आला. तो बायकांच्या हँडबॉलचा होता. मॅलकीने त्याचा मागच्या बाजूने फोटो काढला.

मात्र बॅलिनगॉलबद्दल त्याने मोठ्या मनाने लिहिलं. "पराभवानंतर बॅलिनगॉलने कोणतीही तक्रार दाखल केली नाही. अशा खिलाडूपणाला तोड नाही," हे वाक्य त्याने बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. डीलिया बॅलिनगॉलचीच. तिचा बाप त्या हरलेल्या संघात होता. ती ऐकता ऐकता इतकी हसली की तिला उठून स्वयंपाकघरात जावं लागलं. माहेरचं कौतुक ऐकून बायका अशाच हळव्या होतात, असं मॅलकीला वाटलं.

खरी ठिणगी पडली ती जॉनी कनिफवरून. जॉनी म्हणजे पॅकीचा बाप, पंच्याहत्तर साली वारलेला. त्याने कधी चेंडूला पाय लावला नव्हता. सामन्याला तो संत्री आणि पाण्याची बादली घेऊन जाई. कमिटीच्या बैठकीत पॅकीने ग्लास पुसता पुसता सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "संघाच्या यादीत माझ्या वडिलांचंही नाव घालता आलं तर बघ रे, मॅलकी. शेवटी घातलंस तरी चालेल."

"कुठल्या नात्याने?"

"होते ते तिथे."

"मैदानात होते?"

"मैदानात नव्हते. तिथे होते."

मॅलकीने चष्मा काढला. तो चष्मा काढी तेव्हा समोरच्याने ओळखायचं की अहवाल सुरू झाला. "पॅकी, तू अध्यक्ष आहेस म्हणून नियम वाकवला तर उद्या मिसेस गिलूलीला मी काय सांगू? आणि एक गोष्ट मी बघितलीय. मध्यंतराला खेळाडूंना संत्री मिळाली नव्हती. हे सामना बघितलेल्या तिघांनी सांगितलं. म्हणजे जॉनी संत्रीसुद्धा वाटत नव्हता. मग सामना चालू असताना तो होता तरी कुठे? एक साक्षीदार आणा."

कोपऱ्यात ल्यूक फिनरन बसला होता. त्या संघाच्या यादीतला हयात असलेला एवढाच एक, वय ऐंशीच्या घरात, पूर्वीचा फुलबॅक. तो म्हणाला, "सोड ना बाबा. एक नाव जास्त झालं तर काय पान फाटणार आहे?"

"ल्यूक, तुम्हीच सांगा. कुठे होता तो?"

ल्यूकने पॅकीकडे पाहिलं. पॅकीने किंचित नकारार्थी मान हलवली.

"मला आठवत नाही," ल्यूक म्हणाला.

"राहू दे," पॅकी म्हणाला. "आमचे वडील काही वाचायला येत नाहीत." आणि त्याने मॅलकीला दुसरा ग्लास भरून दिला. घरी जाताना मॅलकीला आपल्या निःपक्षपातीपणाचा अभिमान वाटत होता, आणि तो त्याने डीलियालाही सांगितला. ती विणत होती. "खड्डे मोजण्यापुरताच बरा होतास तू," एवढंच ती म्हणाली.

आठवड्याभराने छापखान्यातून मोठा लिफाफा आला. संघाचा पूर्ण फोटो ल्यूकच्या बहिणीच्या ट्रंकेत सापडला होता, तो पुस्तकाच्या आतल्या पानासाठी मोठा करून त्यांनी पाठवला होता. मॅलकीने तो खिडकीपाशी टेबलावर पसरला. पुढच्या रांगेत, उजवीकडून पहिला, पट्टीवाला थेडी, हाताची घडी घालून बसलेला. मॅलकीने भिंग लावलं आणि बापाला पोटभर पाहून घेतलं. मग त्याने हात पाहिले, आणि पुन्हा पाहिले.

लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात थेडीच्या डाव्या हाताची करंगळी गेली होती, अगदी मुळापासून. त्या हातानेच मॅलकीला बुटांच्या नाड्या बांधायला शिकवलं होतं. फोटोतल्या माणसाचा डावा हात दंडावर नीट पसरलेला होता, आणि पाचही बोटं जागच्या जागी होती.

मॅलकीने फोटो उलटा धरून पाहिला. मग दिवाणखान्यातल्या फोटोसमोर जाऊन उभा राहिला. तो फोटो छातीपर्यंतच होता, त्यात हात नव्हतेच. एका डोळ्याने एक अनोळखी माणूस त्याच्याकडे बघत होता. आपल्याकडे दाखवण्यासारखी आयुष्यात एकच गोष्ट होती, आणि तीही आपली नव्हती, असं त्याच्या मनात आलं. तो टोपी न घालताच बाहेर पडला.

पबमध्ये दुपारची सामसूम होती. पॅकी हॅमचे काप करत होता आणि ल्यूक शेगडीपाशी पेपर वाचत होता. मॅलकीने फोटो काउंटरवर ठेवला आणि करंगळीवर बोट ठेवलं. "हा कोण?"

ल्यूकने पेपराची घडी घातली. "बस आधी."

"बसत नाही. हा कोण?"

"फादर डोनलन," ल्यूक म्हणाला. "तेव्हा फादर नव्हता. सेमिनरीत होता, पाद्री व्हायला शिकत."

"आमच्या वडिलांच्या अंत्यविधीची प्रार्थना म्हणणारे डोनलन?"

"तेच ते. काऊंटीत त्याच्यासारखा फॉरवर्ड नव्हता, मॅलकी. पण सेमिनरीच्या पोरांना बाहेर खेळायला बंदी. कळलं असतं तर बिशपने त्याला दुसऱ्या दिवशी घरी पाठवला असता, आणि आईने दाराबाहेरच ठेवला असता. म्हणून तो कुणाच्या तरी नावाने खेळायला हवा होता. तुझ्या वडिलांचे केस लाल, त्याचे लाल. उंची तीच. बाकीचं पट्टीने झाकलं."

"म्हणजे पट्टीसुद्धा खोटी?"

"पट्टी खरी होती. खाली काही नव्हतं."

मॅलकी आता बसला. "आणि वडील? ते घरी होते?"

"घरी कसे असतील? नावाने ते खेळत होते ना. सकाळी सगळ्यांदेखत संघाबरोबर निघाले, संध्याकाळी सगळ्यांदेखत परत यायला हवे होते. मधला वेळ तेवढा कुणाला दिसता कामा नये."

"मग होते कुठे?"

ल्यूकने पॅकीकडे पाहिलं. पॅकीने सुरी खाली ठेवली आणि हात पुसले. "आमच्या गाडीत," तो म्हणाला.

कनिफांची गाडी म्हणजे मयताची गाडी. तेव्हा अख्ख्या पंचक्रोशीत मोटार तेवढी एकच, त्यामुळे चेंडू, शर्ट आणि चार फॉरवर्ड नेहमी तिच्यातूनच जात. त्या दिवशी जॉनी कनिफने ती मैदानाच्या भिंतीला लावली, काळे पडदे ओढले आणि थेडीला आत ठेवला. शेजारी रिकामी पेटी. वेळ आलीच तर असावी म्हणून.

"माझे वडील चाकाला टेकून बाहेर उभे होते," पॅकी म्हणाला. "भिंतीवरून त्यांना मैदान दिसायचं. काचेला तोंड लावून ते हलक्या आवाजात थेडीला सामना सांगत होते. चेंडू कुणाकडे, कुणी पाडलं, कुणी चुकवलं, सगळं. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं, प्रार्थना पुटपुटतायत. लोक टोप्या काढून जायचे."

"एक म्हातारी तर गुडघे टेकून बसली," ल्यूक म्हणाला. "तिने तुझ्या वडिलांसाठी जपमाळ सुरू केली. जॉनीला तिच्या जपाची उत्तरं द्यावी लागली. अर्धी प्रार्थना म्हातारीला, अर्धा स्कोअर थेडीला."

"शेवटी शेवटी बॅलिनगॉलच्या दोघांना संशय आला," पॅकी पुढे म्हणाला. "ते गाडीकडे येताना दिसले तसे तुझे वडील पेटीत शिरले. माझ्या वडिलांनी झाकण लावलं. ते दोघे आले, पडदा उचलला, पेटी बघितली, छातीवर क्रूसाची खूण केली आणि उभे राहिले. जाईनात. आणि तेवढ्यात तो गोल झाला. सगळं मैदान ओरडतंय, आणि थेडी आत अंधारात. बोलायची सोय नाही. मग माझ्या वडिलांनी पेटीवर हात ठेवला, निरोप देतात तसा, आणि पेरांनी तीनदा टकटक केलं. गोलचे तीन."

मॅलकीला टेबलावर टकटक करणारा बाप आठवला. आणि एकाहत्तर सालचं दफन आठवलं. पेटी खड्ड्यात सोडण्याआधी म्हातारा जॉनी कनिफ पुढे आला होता आणि झाकणावर तीनदा टकटक करून मागे गेला होता. खिळे पक्के आहेत का बघतोय, असं तेव्हा मॅलकीला वाटलं होतं. कामात चोख माणूस, असंही त्याने परतताना कुणाला तरी म्हटलं होतं.

"तुम्ही मला त्या दिवशी बैठकीत का नाही सांगितलंत?" त्याने विचारलं.

"तू नियम सांगत होतास," पॅकी म्हणाला. "आणि तो फोटो तुझ्या घरात आहे, माझ्या नाही."

घरी आल्यावर मॅलकीने डीलियाला सगळं सांगितलं. ती विणकाम खाली न ठेवता ऐकत होती, त्यावरून त्याच्या लक्षात आलं.

"तुला ठाऊक होतं?"

"लग्नाच्या आधीपासून. पस्तीस वर्षं मी फादर डोनलनची धूळ पुसतेय."

"बॅलिनगॉलला माहीत होतं? मग त्यांनी तक्रार का केली नाही? चषक सरळ हातात पडला असता."

"कशी करतील?" डीलिया म्हणाली. "आमच्या संघातही सेमिनरीतले दोघं होते. त्यातला एक पुढे आफ्रिकेत बिशप झाला. माझे वडील म्हणायचे, त्या दिवशी मैदानात एवढे पाद्री होते की रेफरीलाच पापाची कबुली द्यावीशी वाटली."

मॅलकी दिवाणखान्यातल्या फोटोपर्यंत जाऊन परत आला. मग म्हणाला, "आता मी काय लिहू? खरं तेच छापीन असं सगळ्या गावाला सांगून बसलोय. खरं छापलं तर गोल जातो, चषक जातो, आणि फादर या वयात तोंडघशी पडतात. नाही छापलं तर मी खोटा."

"हे बघ," डीलिया म्हणाली. "शेजाऱ्याला भांडं दिलं की ते रिकामं परत येत नाही. तुझ्या वडिलांनी तासभर आपलं नाव दिलं. ते गोल घालून परत आलं. आता त्यातलं काढून कुणाला देणार आहेस? ज्याचा होता त्याने कधी मागितला नाही."

"मला वाटायचं, ते विनयाने बोलत नाहीत."

"त्यांनी तो बघितलाच नव्हता, मॅलकी. काय बोलणार?" मग तिने सुया खाली ठेवल्या. "पण गावातला सगळ्यात चांगला सामना ऐकला त्यांनीच."

पुढच्या बैठकीला मॅलकी कोट घालून आला. विषयपत्रिका वाचून झाल्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला, "एक तक्रार दाखल करायची आहे."

"कुणाविरुद्ध?" पॅकीने विचारलं.

"इतिहासकाराविरुद्ध."

त्याने खिशातून कागद काढून वाचला. तेहतीस सालच्या संघात सोळावं नाव गाळण्यात आलं आहे, ते बेकायदा आहे, तरी ते घालण्यात यावं. नाव, जॉनी कनिफ. खेळण्याची जागा, थेडी टॅन्सीच्या शेजारी. खाली आयरिशमध्ये सही, दोन्ही प्रकारे.

"आणि माझ्या काकाचे बूट?" दारातून मिसेस गिलूली म्हणाली. ती कमिटीत नव्हती, पण बैठकीला असायची.

"बूटही घालतो, काकाही घालतो," मॅलकी म्हणाला. "टपाल तेवढं वेळेवर द्या."

मागोमाग गावभरचे आजोबाही आत आले, आणि ते वीस पानांचं पुस्तक शेवटी दीडशेवर गेलं, ते असं. पण त्या संध्याकाळी कुणी हसलं नाही. पॅकीने कागद हातात घेतला, खिडकीपाशी नेला आणि उजेडात धरला. आतला शिक्का त्याने जरा जास्तच वेळ पाहिला. ल्यूक फिनरनने शेगडीकडे तोंड फिरवलं.

"कागद आयरिश आहे," पॅकी शेवटी म्हणाला. "तक्रार नियमात आहे. कुणाचा विरोध?"

कुणाचाच नव्हता. पॅकी काउंटरमागे गेला, कागद चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवला, आणि बोटांच्या पेरांनी लाकडावर तीनदा टकटक करून मॅलकीचा ग्लास भरायला घेतला.